धूर कुठे जातो

ओडेट रात्रपाळीची नर्स.
सकाळी साडेसातला घरी येते,
अंगावरचा दवाखाना धुऊन टाकते, कढत पाण्यानं,
आणि झोपते.
दुपारी तीनला उठून नळ सोडते,
आणि खालून ओरडते, "पुन्हा कोमटच!"

चौथ्यांदा विझलाय बंब.
जुलै महिना, ब्यूमाँट, टेक्सस.
छतातली शिडी खाली ओढली
की आधी तोंडावर येतो माळ्याचा श्वास,
डांबर, पाइनचं लाकूड, अंगाला खाजणारी काचलोकर,
आणि नाताळच्या खोक्यात
वितळून एकमेकींत घुसलेल्या लाल मेणबत्त्या.

थर्मोकपल बदललं. अठरा डॉलर.
पायलटच्या नळीतलं कोळ्याचं घर फुंकून काढलं.
गॅसवाला येऊन गेला. दाब बरोबर आहे म्हणाला,
शिडी चढल्याचे नव्वद घेऊन गेला.
मी खडूनं टाकीवर वेळा लिहीत बसलो.
अकरा दहा. अकरा पंचवीस. पावणेअकरा.
ढगाळ दिवशी, विझलाच नाही.

माझा मेव्हणा अल्सीड पोर्ट आर्थरहून आला,
तुळयांवरून रांगत, कपाळाला टॉर्च बांधून.
छपराला भोक पाडून मे महिन्यात
त्यानंच बसवला होता तो पंखा,
माळा तापला की आपोआप फिरणारा.
भेट म्हणून. मला नको होता.
मी म्हणत होतो, आधी वळचणीचे झरोके बघू.
पण अल्सीडच्या भेटीला नाही म्हणायचं
म्हणजे त्याच्या बहिणीला नाही म्हणायचं.

"धूर विचारू," तो म्हणाला,
आणि खिशातून सिगारेट काढली,
जी त्यानं सोडलीय असं त्याच्या बायकोला वाटतं.
पंख्याचं बटण बंद. बंब पेटलेला.
धुराड्याच्या टोपीपाशी धरली,
धूर सरळ वर गेला, शहाण्या मुलासारखा.
मग मी बटण दाबलं.
पंखा घरघरला,
आणि धूर थबकला,
आणि वळला,
आणि खाली आला आमच्या तोंडांवर,
मागोमाग बंबाची जळकी, दमट वाफ.
ज्योत एकदा पिवळी झाली, आडवी झाली,
गेली.

कोणी काही बोललं नाही.
मी पटकन गॅस बंद केला.
त्याच छताखाली, बरोबर आमच्या गुडघ्यांखाली,
ओडेट झोपली होती, खिडक्या लावून.
धुराला निदान वास असतो.

वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही म्हणतात.
हवेचं मात्र तेवढंच काम:
वळचणीतून शिरायचं, आढ्यातून निघायचं.
आमच्या वळचणीला रंगाचे चार थर.
आधीच्या मालकाचा पांढरा, त्याच्या आधीचा हिरवट,
वरचे दोन माझे, मीच हौसेनं दिलेले.
आतून काचलोकर ठासलेली, गांधीलमाश्यांची पोळी.
पंख्याला हवा मिळेना, मग तो ओढणार कुठून?
धुराड्यातून. आणि जिन्याच्या फटीतून
आम्ही पैसे मोजून गार केलेली.

"पंखा वाईट नाही," अल्सीड म्हणाला, "घर वाईट आहे."
मी म्हटलं, बरं.
तो म्हणाला, बंबच काढ, भिंतीवरचा घे, बाहेर टांग.
मी म्हटलं, पैसे?
तो म्हणाला, पंखा विकू.
कोण घेणार, छपरातल्या भोकासकट?

रविवारी पंख्याची तार सोडवली.
दोघांनी दोन शिड्यांवर उभं राहून
रंग खरवडला, जाळ्या मोकळ्या केल्या,
मानेत पापुद्रे, डोळ्यांत घाम.
बावीस झरोके. एकविसावा त्याच्या बाजूला होता,
तो त्यानं मला करू दिला नाही.
आढ्याचं सप्टेंबरात बघू. छपरावर आत्ता पाय ठरत नाही.

माळा अजून तापतो. थोडा कमी.
छपरावर पंख्याची टोपी आहे तशीच,
एक काळा ग्रॅकल तिच्यावर बसून
सगळ्या गल्लीवर ओरडत असतो.

परवा तीनला नळाचा आवाज आला.
मी शिडीखाली उभा राहिलो, ऐकत.
ओडेट काही बोलली नाही.
बराच वेळ काही बोलली नाही.
मग गुणगुणायला लागली, बेसूर,
आणि वर, करंगळीच्या नखाएवढी,
निळी, ताठ,
असणार.
बघायला मी चढलो नाही.